मोहरीच्या शेतातला चषक

माझ्या फजित्या ऐकल्या नाहीत असा मराठी माणूस दिल्लीत सापडणं तसं अवघड आहे. आर. के. पुरमचा गणपती असो, कोणाचं डोहाळजेवण असो, निरोपसमारंभ असो, जेवणं आटोपली की कोणीतरी म्हणणारच, "अहो, ते तुमचं सांगा ना." मग मी सांगतो. सासऱ्यांच्या मित्राच्या साठीशांतीला नोएडात चुकीच्या सेक्टरात शिरलो आणि परक्या घरी मुंजीचं जेवण जेवून, वर आहेर देऊन आलो, ते. एका बड्या साहेबाला त्याचाच ड्रायव्हर समजून गाडी मागे घ्यायला लावली, ते. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे मोहरीच्या शेतातला गोल्फ.

हा माझा हुकमी किस्सा. बायका डोळे पुसतात. पण तो मी दरवेळी एका ठराविक जागी थांबवतो. लोकांना वाटतं, संपला. टाळ्या पडतात, कोणीतरी चहा आणतं, आणि मी घाईघाईने दुसरा किस्सा काढतो. त्या जागेच्या पुढचं मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. सुनंदालाही नाही — माझी बायको, जिला मी शेजाऱ्याचं कुलूप चुकून फोडलं तेसुद्धा त्याच दिवशी सांगितलं होतं.

आज पुढचं सांगतो. म्हणजे, बघतो जमतं का.

नव्वदीतली गोष्ट. देश उघडला, असं सगळे म्हणत होते. आमच्या घरात उघडलं होतं ते फक्त केबलचं कनेक्शन. पुण्याहून दिल्लीला मी आलो तो सुनंदाच्या बदलीमागे. ती केंद्र सरकारात. क्वार्टर तिच्या नावावर, दारावरची पाटी तिची, रेशनकार्डावर पहिलं नाव तिचं. मी वर्षभर घरी बसून वरणाला फोडणी घालायला शिकलो आणि मग गुडगावच्या पलीकडे नवी टाऊनशिप काढणाऱ्या एका बिल्डरकडे प्रसिद्धी अधिकारी म्हणून लागलो. प्रसिद्धी विभाग म्हणजे मी, एक टायपिस्ट आणि एक कूलर.

टाऊनशिपचं वैशिष्ट्य होतं गोल्फ कोर्स. घराच्या गॅलरीत उभं राहून चहा पीत गोल्फ बघायचा, असं माहितीपत्रकात मीच लिहिलं होतं. प्रत्यक्षात तिथे घर नव्हतं, गॅलरी नव्हती, आणि गोल्फ कोर्सच्या जागी कमरेइतकी मोहरी उभी होती. पिवळीधमक. फार सुंदर दिसायची, खरं सांगतो. पण मोहरीचा फोटो छापून प्लॉट विकला जात नाही. मग चेहरा म्हणून आम्ही रामफलला घेतलं.

रामफल गोल्फर. सुनंदाने नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "आणि भाऊ सीताफळ का?" पण देशातल्या व्यावसायिक खेळाडूंमध्ये त्या काळात त्याच्या जवळपास कोणी नव्हतं. सलग चार मोसम यादीत पहिला. स्पर्धेच्या पहिल्या सकाळी त्याचं नाव फलकावर लागलं की बाकीचे खेळाडू एकमेकांना म्हणायचे, "चलो यार, दूसरे नंबर के लिए खेलते हैं." वाऱ्यात, धुक्यात, उन्हाळ्यातल्या आगीसारख्या लूमध्ये, कुठेही त्याचा फटका तसाच पडायचा, जसा रोज दूध घालणारा दारात पिशवी ठेवून जातो. आरडाओरडा नाही, मूठ हवेत नाही. तो चेंडूकडे बघायचा, चेंडू जायचा.

बाप शहरातल्या एका जुन्या क्लबात माळी होता. पस्तीस वर्षं तिथलं गवत कापलं. रामफलने आधी त्याच क्लबात लोकांच्या बॅगा उचलल्या, मग लोकांच्या जुन्या काठ्यांनी खेळायला शिकला, मग त्याच लोकांना हरवलं. पण क्लबाचा नियम असा की व्यावसायिक खेळाडू हा सभासद नव्हे. त्याने मागच्या फाटकाने यायचं, खेळायचं, आणि व्हरांड्यात न बसता जायचं. स्पर्धा जिंकली तरी चषक हिरवळीवर घ्यायचा आणि चहा बॅगा ठेवायच्या शेडमध्ये प्यायचा. यातून एकच वाट होती. ज्याला सरकारचा मोठा क्रीडा पुरस्कार मिळतो त्याला तो क्लब मानाचं सभासदत्व देत असे.

रामफलला पुरस्कार हवा होता तो एवढ्यासाठी. हे त्याने मला एकदाच सांगितलं, साइटवर, मोहरीच्या बांधावर बसून मुळा खाताना. "भाईसाब, बापू को एक बार सामने वाले गेट से ले जाना है. बरामदे में बिठाके चाय पिलानी है. बस." बापूंचं वय झालं होतं, गुडघे गेले होते. मोठं फाटक ते व्हरांडा हे अंतर बापूंना चालवेल का, याचीसुद्धा त्याने मनात मोजणी केलेली होती.

आणखी एक गोष्ट आताच सांगून ठेवतो, नंतर सांगायचा धीर राहील का कोण जाणे. गोल्फमध्ये आपल्या फटक्यांचे आकडे आपण लिहीत नाही. सोबतचा खेळाडू आपले लिहितो, आपण त्याचे. शेवटी दोघं त्या कार्डावर सही करतात. पण एकदा तुम्ही सही केली की लिहिलेला आकडा तुमचा. लिहिणाऱ्याने चूक केली असली तरी शिक्षा तुम्हाला, त्याला नाही. रामफलला इंग्रजी येत नव्हतं, हिंदीही तो ओठ हलवत वाचायचा. पण कार्डावरचे अठरा चौकोन, दर होलचा एक, तो पेन्सिलीचं टोक ठेवत ठेवत तपासायचा. मागे लोक खोळंबले तरी.

एका मोठ्या स्पर्धेत, शेवटच्या दिवशी, त्याचा चेंडू झुडपाखाली गेला. तो फटक्याला उभा राहिला आणि चेंडू हलला — किती? तांदळाच्या दाण्याएवढा. कोणीही पाहिलं नव्हतं. त्याने हात वर केला, पंचाला बोलावलं आणि स्वतःच्या नावावर दंडाचा एक फटका वाढवून घेतला. त्या एका फटक्याने सामना बरोबरीत सुटला, आणि जादा होलवर तो हरला. मी तिथे होतो. मी विचारलं, "अरे, कोणी बघितलं होतं?" तो म्हणाला, "मैंने."

तर अशा माणसाला आम्ही मोहरीच्या शेतात आणलं.

आता तो किस्सा. चोप्रासाहेबांना, म्हणजे आमच्या मालकांना, गोल्फ कोर्सचं उद्घाटन हवं होतं. कोर्स नाही? मग उद्घाटन करा, कोर्स येईल मागून. मी शेतकऱ्याला विनवून मोहरीचा एक पट्टा कापून घेतला, त्यावर लग्नाच्या मंडपवाल्याकडून हिरवा गालिचा आणून अंथरला, मधोमध झेंडा रोवला. प्लॉट बुक केलेली शंभरेक कुटुंबं खुर्च्यांवर. रामफलने एक चेंडू मारायचा आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, एवढाच कार्यक्रम. त्याने मारला. चेंडू गालिच्यावर पडला, गालिच्याखाली होता पाट, पाटात होतं पाणी. चेंडू गालिच्यासकट हळूहळू खाली बसला. झेंडा वाकला. मग पलीकडच्या मोहरीतून एक म्हैस आली, गालिच्यावर उभी राहिली, आणि मी, प्रसिद्धी अधिकारी, टाय घालून, तिला दोन्ही हातांनी ढकलत होतो. चोप्रासाहेब माईकवर सांगत होते, "दिस इज नेचर, लेडीज अँड जंटलमेन, नेचर." म्हैस हलली नाही. मी घसरलो. फोटोग्राफरने नेमका तोच फोटो काढला. शेवटी चोप्रासाहेबांनी करोलबागेतून आणलेला मोठा पितळी चषक रामफलच्या हातात दिला, आणि रामफलने तो चषक म्हशीपुढे धरला. तिने त्यात तोंड घातलं.

इथे मी थांबतो. टाळ्या, चहा.

पुढे?

पुढे माहितीपत्रक. नवी आवृत्ती काढायची होती, गुळगुळीत कागदावर. मधल्या पानावर रामफलची कामगिरी: जिंकलेल्या सगळ्या स्पर्धा, ओळीने. छापखान्यातल्या माणसाने पानाची आखणी केली होती तीन रकान्यांची, रकान्यात पाच ओळी. रामफलच्या स्पर्धा चौदा. तिसऱ्या रकान्यात खाली एक ओळ रिकामी. छापखान्यातला माणूस म्हणाला, "सर, ये दाँत टूटा हुआ लग रहा है." मी पाहिलं. खरंच पडलेल्या दातासारखं दिसत होतं. मी पेन काढलं आणि तिथे आमच्या टाऊनशिपचं नाव घालून लिहिलं, 'उद्घाटन चषक — विजेता'.

मला ते विनोदी वाटलं होतं, हे कबूल करायला हवं. म्हशीचा चषक. माझा मलाच इतका आनंद झाला की संध्याकाळी बसमध्ये एकटाच हसत होतो. आणि तो चषक त्याला मिळाला नव्हता का? दिला होता ना? हातात दिला होता. असं मी स्वतःला — पण नाही, ते जाऊ दे.

पत्रक छापलं गेलं. वाटलं गेलं. माहितीपत्रकातल्या गोष्टी कोणी खऱ्या मानत नाही, हिरवळीचा फोटोही कुठल्या देशातला होता देव जाणे. तेवढ्यावर राहिलं असतं तर तो माझा अजून एक किस्सा झाला असता.

चार महिन्यांनी रामफल पुरस्काराचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. कामगिरीची यादी इंग्रजीत जोडायची होती. "आप पढ़े-लिखे हो, भाईसाब, आप ही बना दो." मी टायपिस्टला पत्रक दिलं आणि म्हटलं, यातूनच उतरव. तिने उतरवलं. कागद माझ्या हातात आला तेव्हा मला पंधरावी ओळ दिसली. मला आठवलं. इथे चुकून राहिलं, लक्षात आलं नाही, घाईत होतो, यातलं काहीही खरं नाही. मला म्हैससुद्धा आठवली. पण कागद स्वच्छ टाइप झाला होता, टायपिस्ट पर्स खांद्याला लावून उभी होती. आणि सरकारी फायलीत आमच्या टाऊनशिपचं नाव गेलं तर चोप्रासाहेब खूश होतील, हा विचारही मनात येऊन गेला. मी कागद रामफलपुढे सरकवला. त्याने विचारलं, "कहाँ?" मी बोट ठेवलं. अठरा चौकोन पेन्सिलीने तपासणाऱ्या माणसाने तो कागद न वाचता सही केली.

छाननी करणाऱ्यांत एक निवृत्त कर्नल होते. तेही गोल्फ खेळत. आणि माझं नशीब असं, की त्यांनी आमच्याच टाऊनशिपमध्ये प्लॉट बुक केला होता. दर रविवारी बायकोला गाडीत घालून ते गवत उगवलं का बघायला जात, आणि मोहरी बघून परत येत.

बोलावणं आलं. रामफलने मुनिरक्याच्या शिंप्याकडून निळा ब्लेझर शिवून घेतला. इंग्रजी बोलावं लागेल म्हणून मला सोबत घेतलं. कर्नलसाहेबांनी यादी समोर ठेवली. चौदा ओळींपुढे त्यांनी बरोबरच्या खुणा केल्या होत्या, त्यातल्या चार स्पर्धा त्यांनी स्वतः बघितल्या होत्या. पंधरावीला गोल.

"रामफल, ये कौन सा कोर्स है?"

रामफलने माझ्याकडे पाहिलं. त्या कागदावर काय आहे तेच त्याला माहीत नव्हतं. मी हलक्या आवाजात सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं — त्याला वाटलं, गंमत चाललीय. "वो तो जी, भैंस वाला..."

कर्नल हसले नाहीत. "दूसरे नंबर पर कौन आया था?" त्यांनी त्या गोलावर बोट टेकवलं. "ये लिखा किसने?"

सांगतो. खोलीत पंखा होता, त्याचा आवाज येत होता, मला नव्याने लागलेली नोकरी दिसत होती, पाटीवरचं सुनंदाचं नाव दिसत होतं. मला वाटलं असावं — काय वाटलं ते सोडा. मी म्हणालो,

"सर, जानकारी तो खिलाड़ी ने ही दी थी."

शांतपणे म्हणालो. आवाज कापलासुद्धा नाही. मी तर 'तो' असा शब्दही मध्ये घातला, जणू ही साधी, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट.

रामफलने माझ्याकडे पाहिलं नाही. मी वाट बघत होतो की तो आता बघेल. तो कागदाच्या तळाशी आपल्या सहीकडे बघत होता. मग म्हणाला, "जी, साइन मेरा है. ग़लती मेरी है."

पाच मिनिटांत आम्ही बाहेर. फाइल बंद.

तो मला स्कूटरवरून घरी सोडायला आला. हो, मी बसलो त्याच्या मागे. नाही म्हणायचंही सुचलं नाही. मोतीबागच्या सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा मान न वळवता तो म्हणाला, "कार्ड पे जिसका साइन, ग़लती उसकी. लिखने वाले की थोड़े ही होती है." टोमणा होता का? इतकी वर्षं मी ते वाक्य उलटंसुलटं करून बघतोय. मला टोमणा हवा होता. तो नियम सांगत होता. आमच्या फाटकाशी उतरवलं आणि म्हणाला, "भाभीजी को नमस्ते कहना." सुनंदासाठी त्याने गावाकडचं लोणी आणलं होतं, ते डिकीतून काढून दिलं. मी घेतलं.

आठवड्याने वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, कामगिरी फुगवल्याबद्दल गोल्फरचा अर्ज फेटाळला, म्हणून. सुनंदा ताटावर बसली होती, पोळीला तेच लोणी. "मला नाही पटत," ती म्हणाली, "हा माणूस खोटं बोलणार नाही. तू ओळखतोस ना त्याला? तू काहीतरी बोल ना कोणाशी." मी म्हटलं, "अगं, माणसं बदलतात नाव झालं की." भाजी वाढून घेतली. बघा, एकदा बोलून माझं भागलं नव्हतं.

चोप्रासाहेबांनी रामफलचे फलक उतरवले. मी उतरवून घेतले. तेही माझंच काम होतं. खेळाडूंनी त्याला 'पंद्रह' म्हणायला सुरुवात केली. "आ गया पंद्रह." "पंद्रह भाई, आज सोलह करोगे?" पुढचा मोसम त्याचा गेला. फटका तसाच पडायचा म्हणे, पण दर होलनंतर कार्ड मागून घ्यायचा, पुन्हा पुन्हा बघायचा.

दीड वर्षाने तो पुन्हा जिंकला. खरी पंधरावी स्पर्धा, त्याच क्लबात. मी गेलो होतो, पाहुण्यांच्या खुर्चीत, मोठ्या फाटकाने. बक्षीस देताना माईकवरचा गृहस्थ म्हणाला, "रामफलजी की पंद्रहवीं जीत... या सोलहवीं? गिनती तो यही जानते हैं." हशा पिकला. रामफल चषक धरून उभा होता. मी हसलो. सगळ्यांइतकंच हसलो, कमी हसलो तर कोणाच्या लक्षात येईल म्हणून. त्याने मला हसताना पाहिलं. बापू त्याआधीच्या थंडीत गेले होते.

आता मी त्याच टाऊनशिपमध्ये राहतो. सुनंदा निवृत्त झाली, क्वार्टर सोडावं लागलं, आणि जुना कर्मचारी म्हणून मला इथे सवलतीत फ्लॅट मिळाला. नवव्या मजल्यावर गॅलरी आहे, खाली गोल्फ कोर्स आहे, मी चहा पीत बघतो. माहितीपत्रकात लिहिलेलं सगळं खरं झालं, एवढं झालं. क्लबहाऊसच्या भिंतीवर विजेत्यांचा लाकडी फलक आहे. सगळ्यात वर, सोनेरी अक्षरांत: उद्घाटन चषक, रामफल. कोणीतरी माझं जुनं पत्रक बघून रंगवून घेतलं. सकाळी फिरायला जाताना मी तिथून जातो. दुसरा रस्ता आहे, पण लांबचा. काल तर एका शेजाऱ्यांनी थांबवून विचारलं, तुम्ही तेव्हा इथेच होता ना, कशी झाली हो ती मॅच? आणि मी — तुम्हाला काय वाटतं? मी म्हशीचा किस्सा सांगितला. नेहमीच्या जागी थांबलो.

रामफल नोएडात एका मैदानावर लोकांना शिकवतो. सेक्टर मला माहीत आहे, या वेळी चुकणार नाही असा. मी गेलेलो नाही.

त्या चौदा ओळींखाली जी जागा रिकामी होती ना, ती त्यानेच रिकामी ठेवली होती. झुडपाखाली, तांदळाच्या दाण्याएवढ्या हालचालीसाठी. हे मला पेन काढलं तेव्हाही माहीत होतं. मी तिथे उभा होतो, मीच विचारलं होतं की कोणी बघितलं का.

जानकारी त्याने दिली नव्हती. मी त्याला विचारलंच नव्हतं. गोल्फच्या कार्डावर लिहिणाऱ्यालाही सही करावी लागते. त्या यादीवर सही एकट्या रामफलची होती.